एडक्याची तिरकी मान

मी स्टिअरिंग बोलतोय. निदान मला तरी तसं वाटतंय. सगळं आयुष्य दुसऱ्यांच्या हातात गेलेल्याने स्वतःहून तोंड उघडावं की नाही, हे मला अजून नक्की ठरवता आलेलं नाही. माझ्या पोटावर दाबलं की भोंगा वाजतो, आणि तोच माझा आवाज असा लोकांचा समज आहे. तो माझा आवाज नाही. तो रस्त्यात उभ्या राहणाऱ्या गाढवांसाठी आहे. माझा आवाज हा असा, जरा चाचरणारा.

मी एका जुन्या गाडीचं स्टिअरिंग आहे आणि माझ्या आयुष्यात सांगण्यासारखी एकच गोष्ट घडली. मध्यंतरी काही दिवस मी तिरका होतो. तिरका होतो की तिरका ठरलो, ते तुम्ही ठरवा. मी ठरवायला गेलो की गोंधळ होतो.

जन्म माझा जर्मनीतला. आमच्या वेळी स्टिअरिंग म्हणजे एक गोल, चार दांड्या आणि मध्ये भोंगा. हल्लीच्या स्टिअरिंगांच्या पोटात म्हणे अपघातात फुगणारी पिशवी असते आणि बोटांशी गाण्यांची बटणं. माझ्याकडे तसलं काही नाही. माझी पहिली मालकीण हातमोजे घालून गाडी चालवायची, त्यामुळे तिचे हात कसे होते हे मला आजही माहीत नाही. ती गेली, गाडी विकली गेली. सूर्यफुलाच्या बिया चघळणाऱ्या दोन माणसांनी मला एकामागून एक सीमा ओलांडत किर्गिझस्तानात, बिश्केकच्या गाड्यांच्या बाजारात आणून उभं केलं. तिथे इशेनअली आगाय आले.

आगाय म्हणजे मास्तर. त्यांनी कोचकोरच्या शाळेत जन्मभर भूमिती शिकवली आणि निवृत्त झाले तरी अख्खं गाव त्यांना आगायच म्हणतं. उंच, सडपातळ, लांब बोटांचा माणूस. त्यांनी मला धरलं ते पट्टी धरावी तसं. तिरकं काही त्यांना बघवत नाही. दुसऱ्याच्या घरी जेवायला गेले तरी भिंतीवरचा गालिचा आधी सरळ करतात, मग बसतात. दस्तरखानावरच्या, म्हणजे जेवणासाठी अंथरलेल्या चादरीवरच्या भाकऱ्यासुद्धा ते नकळत एका ओळीत लावून घेतात. त्यांची बायको बुरुलचा, जिला सगळे अपा म्हणतात, ती अशा वेळी यजमानीण बाईकडे बघून नुसती मान हलवते.

पहिल्याच हिवाळ्यात माझ्या काळ्या कड्यावर बर्फासारखा गारठा चढला आणि आगायांची बोटं आखडू लागली. तेव्हा अपाने माझ्यासाठी नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या जाड लोकरीचा अंगरखा शिवला, लाल-पांढरा. आणि वर अगदी मधोमध तिने वळलेल्या शिंगांचा एक एडका काढला. आमच्या कोचकोरचं नावच एडका या अर्थाचं, तेव्हा दुसरं काही काढणं शक्यच नव्हतं. गाडी सरळ चालली की एडका सरळ समोर बघायचा. आगायांना ती खूण फार आवडली. एवढी वर्षं मी आणि तो एडका, दोघेही सुखात होतो.

मग वसंतात, बर्फ वितळल्यावर, रस्त्यातला एक मोठा खड्डा पाण्याखाली लपून बसला होता. गाडी त्यात आपटली. पुढची चाकं जरा फाकली, टायर एका बाजूने झिजू लागले. म्हणून आम्ही कुबानच्या गॅरेजमध्ये गेलो.

गॅरेजवर रशियन अक्षरांत एकच शब्द लिहिलेला आहे: रझवाल. चाकांच्या अलाइनमेंटला तिकडे रझवाल-स्खोझ्देनिये म्हणतात, कोसळणं आणि एकत्र येणं. दुसऱ्या शब्दाची पाटी वाऱ्याने उडाली आणि कुबानने ती पुन्हा लावली नाही. अपा पाटी वाचून म्हणाली, "कोसळणं असं चक्क लिहून ठेवलंय, आणि तुम्ही आपल्या पायांनी आत चाललात."

कुबान आगायांचाच विद्यार्थी. स्वभावाने गोड, हाताने सैल. पुढच्या दोन चाकांना माझ्याशी जोडणारे दोन लोखंडी हात असतात, एक उजवीकडे, एक डावीकडे. ते कमीजास्त लांब करून चाकं सरळ करतात. त्याआधी मला सरळ करून घट्ट बांधायचं असतं, हा नियम आहे. कुबानने मला बांधलं नाही. तो खिडकीतून आत वाकला, माझ्यावर कोपर टेकवलं आणि मेव्हण्याशी फोनवर एका शिंगराच्या खानदानाबद्दल बोलत राहिला. त्याच्या कोपराच्या वजनाने मी उजवीकडे वळलो आणि तसाच राहिलो. मी तेव्हाच काही बोलायला हवं होतं का? पण फोन चालू असताना मध्ये बोलणं बरं दिसत नाही.

नंतर तो गाडीखाली गेला. डाव्या हाताचा नट गंजून घट्ट बसला होता. त्याने पान्याने दोनदा ठोकलं, सुस्कारा टाकला, म्हणाला, "हा झोपलाय, झोपू दे." आणि सगळं काम उजव्या हातावर उरकलं. चाकं सरळ झाली. मी तिरका राहिलो.

परतीच्या वाटेवर गाडी सरळ धावत होती आणि एडका मान वाकडी करून उजव्या खिडकीबाहेर बघत होता, लग्नघरात मानपान चुकलेल्या पाहुण्यासारखा. आगायांनी थोडा वेळ सहन केलं. मग त्यांचे हात आपोआप पुढे आले आणि त्यांनी एडका सरळ केला. एडका सरळ झाला म्हणजे मी डावीकडे फिरलो, आणि गाडी उजवीकडची आपली बाजू सोडून समोरून येणाऱ्या गवताच्या ट्रककडे निघाली. ट्रकवाला ओरडला. आगायांनी मला परत वळवलं. एडका पुन्हा रुसला. आगायांनी पुन्हा त्याची समजूत काढली. घरापर्यंत हेच चाललं.

"आगाय," अपा म्हणाली, "आपली बाजू उजवी. का आज पाहुणे म्हणून त्यांच्या बाजूने जायचंय?"

दुसऱ्या दिवशी आगाय कुबानकडे गेले. कुबानने गाडी थोडी पुढे नेऊन आणली आणि म्हणाला की गाडी अगदी सरळ जाते. मग जरा घुटमळून, आदबीने त्याने सांगितलं की राग मानू नका, पण आगाय, तुम्हीच जरा तिरके बसता. इतकी वर्षं फळ्यावर लिहून तुमचा उजवा खांदा उतरलाय.

विचार करणाऱ्या माणसाला कुठलाही दोष पटवून देता येतो. आगाय घरी येऊन आरशासमोर उभे राहिले. खांदा उतरलेला होता. कदाचित सगळ्यांचेच थोडे उतरलेले असतात, पण सगळे आरशासमोर इतका वेळ उभे राहत नाहीत. त्यानंतर ते डाव्या मांडीखाली उशी घेऊन आणि मान उजवीकडे कलती करून गाडी चालवू लागले, म्हणजे एडका त्यांना सरळ दिसे. गावात बोललं गेलं की आगाय इतक्या वर्षांनी बायकोचं ऐकायला लागले, बघा कसे कान देऊन बसतात.

दुसऱ्यांना कशाला हसू? मलाही तेच झालं. मला वाटू लागलं की मी मुळातच तिरका असणार, जर्मनीपासूनच. ती बाई हातमोजे का घालायची, तेही मग कळल्यासारखं वाटलं.

पण मान कलती धरायची याचं भान माणसाला किती वेळ राहणार? बोलता बोलता, खोकता खोकता आगायांचे हात एडका सरळ करत आणि गाडी डावीकडे जाई. बाजाराच्या दिवशी ती एका बाईच्या टोपल्यांना घासली. वाळवलेल्या दह्याच्या पांढऱ्या गोळ्या रस्ताभर घरंगळल्या. आगाय गुडघ्यांवर बसून त्या एकेक वेचत होते, आणि कुत्रीही वेचत होती. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. एकाने हळूच विचारलं की या वर्षी घोडीच्या दुधाचं कुमिस जास्त आंबलंय का.

ही बातमी शहरात तालायपर्यंत पोहोचली. तालाय हा आगायांचा मुलगा, बिश्केकला नोकरी करतो. तो शनिवारी आला. आल्या आल्या किल्ली घेऊन गावाला एक चक्कर मारून आला आणि किल्ली बापाला परत दिली. तालाय एका तळव्याने मला दाबून गाडी चालवतो, दुसऱ्या हातात फोन असतो. माझी मान कुठे आहे याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. एडका तर त्याला दिसलाच नाही.

गाडी अंगणात उभी होती, मला सगळं ऐकू येत होतं. चहा झाला, भाकरी मोडून झाली. मग तालाय वडिलांना म्हणाला, "अताके, गाडीत काही दोष नाही."

एवढंच. बाकीचं न बोलता सगळ्यांना समजलं. नंतर त्याने खाली बघत सांगितलं की शहरात एकजण आहे, अशा जुन्या गाड्या सुट्या भागांसाठी घेतो. उद्या रविवारीच नेऊ. काही झालं, कुणाच्या पोराला लागलं, तर सगळा जन्म आपण स्वतःला माफ करणार नाही.

त्याचं चुकत होतं असं मला म्हणवत नाही. अपाचे गुडघे गेलेले, बाजार लांब, आणि उन्हाळ्यात वरच्या कुरणावर तिच्या बहिणीकडे जायला या गाडीशिवाय दुसरं काही नाही, हे त्यालाही ठाऊक होतं. अपाने विचारलंच, उन्हाळ्यात वर कोण नेणार?

"मी येईन की."

"गेल्या उन्हाळ्यातही तू येणारच होतास," अपा म्हणाली आणि त्याच्या वाटीत चहा ओतला.

आगायांनी खिशातून किल्ली काढून दस्तरखानावर ठेवली. मग बोटाने ढकलून ती दस्तरखानाच्या काठाला समांतर केली. शहरापर्यंत मात्र आपण स्वतः चालवत नेऊ, असं त्यांनी सांगितलं. तालाय हो म्हणाला.

मी घाबरलो होतो, हे लपवत नाही. कुबानच्या भिंतीवर मी जुनी स्टिअरिंगं खिळ्याला टांगलेली पाहिली होती. त्यांना कुठेही जायचं नव्हतं, आणि सगळी अगदी सरळ होती.

रविवारी सकाळी निघालो. तालाय पुढे शेजारी, अपा मागे. गावाबाहेर रस्त्याला लागून कबरस्तान आहे, मातीच्या घुमटांचं. तिथून जाताना आमच्याकडे प्रत्येकजण दोन्ही तळवे वर करतो, मनात चार शब्द म्हणतो आणि हात चेहऱ्यावरून फिरवतो. प्रत्येकजण म्हणजे गाडी चालवणारासुद्धा. जर्मनीतली ती बाई शिंकतानाही मला सोडत नसे. इथे मेलेल्यांसाठी मला दोन्ही हातांनी सोडतात. मला दर वेळी धडकी भरते, आणि दर वेळी काही होत नाही.

त्या दिवशी आगायांनी गाडी हळू केली. तिथे त्यांचे आईवडील आहेत. पुन्हा आपण होऊन इथून जाणं होणार नाही असं मनात असावं. त्यांनी हात उचलले आणि डोळे मिटले. तालायने एक डोळा मिटला, दुसरा रस्त्यावर ठेवला आणि पायाने त्याच्या बाजूला नसलेला ब्रेक दाबून धरला. गाडी मात्र फळ्यावर रेघ ओढावी तशी सरळ चालली होती. एडका मान वाकडी करून उजवीकडे बघत होता आणि गाडी सरळ चालली होती.

आगायांचे हात खाली आले. त्यांनी एडका सरळ केला. गाडी डावीकडे गेली. तालायने झडप घालून मला धरलं.

"थांबवा," मागून अपा म्हणाली.

गाडी कडेला थांबली. अपाने दोन्ही पुढच्या सीटांमधून डोकं घातलं. "तुम्ही हात सोडलेत तेव्हा गाडी सरळ चालत होती. हात लावलात आणि बिघडली."

"हे तू लग्न झाल्यापासून म्हणतेस," आगाय म्हणाले.

"आज गाडीबद्दल म्हणतेय. परत जाऊन दाखवा."

उगाच हात सोडून गाडी चालवणं आगायांना शक्य नव्हतं, त्याला काहीतरी कारण हवं. म्हणून आम्ही वळून कबरस्तानासमोरूनच पुन्हा गेलो. या वेळी आजोबांसाठी. मग काकांसाठी. मग एका शेजाऱ्यासाठी, ज्याच्याशी आगायांचं कुंपणावरून कधी पटलं नव्हतं. त्याला वरती फार नवल वाटलं असेल. दर वेळी तेच: हात वर, एडका तिरका, गाडी सरळ. मग तालाय चालवायला बसला. त्यानेही हात सोडले, आणि तेव्हा कुठे त्याने पहिल्यांदा एडक्याकडे नीट पाहिलं.

एक मेंढपाळ घोडा थांबवून बराच वेळ हे बघत होता. शेवटी जवळ येऊन त्याने दबल्या आवाजात विचारलं, "कोण गेलं, आगाय?"

"अजून कुणी नाही," अपा म्हणाली. "गाडी तपासतोय."

मेंढपाळाने यावर विचार केला. मग त्याने तळवे वर केले, गाडीसाठीही चार शब्द म्हटले आणि निघून गेला.

आगाय मात्र खाली उतरून काठीने धुळीत आकृती काढत बसले होते. मधोमध मी, दोन बाजूंना दोन लोखंडी हात. बऱ्याच दिवसांनी त्यांची मान सरळ होती. त्यांनी तालायला समजावलं की दोन्ही हातांची मिळून लांबी बरोबर आहे, म्हणून चाकं सरळ आहेत. वाटणी चुकलीय. एकाला सगळं दिलंय, दुसऱ्याला काही नाही. मग काठी खाली ठेवून ते हळूच म्हणाले, "म्हणजे खांदा नव्हता."

तालायने त्यांच्याकडे पाहिलं नाही. धुळीतल्या आकृतीकडेच बघत राहिला.

शहराऐवजी आम्ही कुबानकडे गेलो. कुबानने आधी सोपा मार्ग काढला: स्टिअरिंग ज्या दातेरी दांड्यावर बसतं, त्यावरून उपसून दोन दाते सरकवून बसवू. नट सोडवून त्याने मला हिसका दिला आणि आयुष्यात पहिल्यांदा मी गाडीबाहेर आलो. मी आकाश पाहिलं, एक कोंबडी पाहिली आणि भिंतीवरचा एक रिकामा खिळा पाहिला. एक दाता सरकवला तर एडका अजून उजवीकडेच. दोन सरकवले तर तो डाव्या खिडकीतून बाहेर बघू लागला. माझा तिरकेपणा नेमका दोन दात्यांच्या मध्ये पडत होता. मला स्वतःबद्दल नेहमी असाच काहीसा संशय होता.

आगायांनी मला पहिल्या जागी बसवायला लावलं. मग खडू घेऊन गॅरेजच्या दारावर तीच आकृती काढली. कुबान हात मागे बांधून उभा राहिला, शाळेत राहायचा तसा.

"पण डावा नट झोपलाय, आगाय."

"मग उठव."

गंजावर रॉकेल ओतून ठेवलं आणि काम सोमवारवर गेलं. तालायला सोमवारी कामावर हजर व्हायचं होतं. तो गेला नाही.

सोमवारी पान्याला लांब नळी लावून कुबान आणि आगाय दोघं लोंबकळले. नट आधी ऐकेना, मग गायीने हंबरडा फोडावा तसा आवाज करून फिरला. आता एका हाताला जितकं वाढवायचं तितकंच दुसऱ्याला कमी करायचं होतं, आणि तोवर मला कुणीतरी अगदी सरळ धरून ठेवायचं होतं. बांधायचा पट्टा कुबानला सापडेना. तालाय आत बसला आणि त्याने मला दोन्ही हातांनी धरलं.

त्याच्या खिशात फोन वाजू लागला. वाजून थांबला, पुन्हा वाजला. त्याने हात काढला नाही. खालून आगाय विचारत, "एडका?" आणि तो म्हणे, "सरळ आहे, अताके." इतकी वर्षं मला त्याचा फक्त एक तळवा माहीत होता. हात त्याचे बापासारखेच आहेत, लांब बोटांचे.

बाहेर रस्त्यावर आलो तेव्हा आगायांच्या मांडीखाली उशी नव्हती. गाडी सरळ, मी सरळ, एडका सरळ. गवताचा ट्रक समोरून आला आणि काही न म्हणता निघून गेला. अपा म्हणाली, कुबानने आता ती दुसरी पाटी लावायला हरकत नाही.

घरी अंगणात फोन पुन्हा वाजला, या वेळी तालायने घेतला. शहरातलं ते गिऱ्हाईक होतं. तालाय म्हणाला, "नाही, गाडी विकायची नाही. वडील चालवतात." मग त्याने किल्ली आगायांच्या वाटीशेजारी ठेवली. जरा थांबला, आणि बोटाने ढकलून ती दस्तरखानाच्या काठाला समांतर केली.

आता मी म्हातारा झालोय. नमदा दोन्ही बाजूंनी झिजलाय, एडक्याचं एक शिंग उसवलंय, आणि ते नीट करायचं अपाच्या मनात आहे, असं ती दर हिवाळ्यात म्हणते. पुढे कधी खिळा नशिबात असेलच, त्याला माझी ना नाही. मागणं एकच, तेही भीत भीत: तुमच्या घरचं कुणी तिरकं चाललंय असं वाटलं तर किल्ली मागण्याआधी एकदा वाकून खाली बघा. कुठला नट झोपलाय का, ते बघा.

आणि आमच्या रस्त्याने कधी आलात तर कबरस्तानापाशी जरा हळू व्हा. आगायांची गाडी समोरून येत असेल. आत सगळ्यांचे तळवे वर असतील, आगायांचेही. तेवढ्या वेळापुरतं मला कुणीच धरलेलं नसतं. त्या वेळी गाडी कोण चालवतं, असं विचारलंत तर मी, असं म्हणायची माझी छाती होत नाही. पण ती सरळ जाते.